उजव्या बाजूचे पायदान

“आमच्या वडिलांनी आयुष्यात एकाच गोष्टीला जीव लावला, आणि ती म्हणजे त्यांची मोटारसायकल. आईला त्यांनी त्या गाडीवर एकदाही बसवले नाही. दोघांमध्ये संभाषण असे कधी नव्हतेच. आई त्या घरात राहत होती, इतकेच म्हणता येईल.”

हे शब्द माझ्या धाकट्या भावाचे आहेत. वडिलांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्याने अकोल्यात एक स्मरणिका काढली. तिच्या पहिल्याच लेखात, गुळगुळीत कागदावर, ते छापलेले आहेत. त्याच पानावर वडिलांचा मोटारसायकलीवर बसलेला फोटो आहे. ती गाडी आज माझ्या घरी उभी आहे, याचा उल्लेख कुठेही नाही. थोरल्या मुलाचा लेखही नाही. तो मागितला गेला नव्हता, म्हणून मी दिला नाही. आता न मागता देतो आहे.

भाऊ वकील आहे. वडीलही वकील होते. वडिलांची खुर्ची, अशिले आणि अकोल्याचे घर त्याच्याकडे गेले, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण वकिलाला एक सवय जडते. साक्षीदार हयात नसला की त्याच्या वतीने काहीही बोलता येते, असे त्याला वाटू लागते. इथे तर दोन साक्षीदार हयात नाहीत.

गाडीपासून सुरुवात करतो, कारण वाद गाडीचा आहे. मरून रंगाची, दोन सायलेन्सरची, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी. किक आणि गिअर एकाच दांड्याचे. किक मारून झाली की तोच दांडा आत दाबून पुढे वळवायचा आणि त्यानेच गिअर टाकायचे. वऱ्हाडात ज्यांचे तरुणपण त्या गाडीवर गेले, त्यांना एवढ्यावरून ती ओळखू येईल. वडिलांनी ती नवी घेतली होती. पुढे त्यांनी मोटार घेतली तेव्हा गाडी मागच्या टिनाच्या खोलीत गेली आणि तिथेच राहिली. वडील गेल्यानंतर एकदा अकोल्याला गेलो, तेव्हा तिच्या टाकीवर कोंबडी बसलेली होती. भाऊ म्हणाला, “भंगारवाल्याले सांगून ठेवलं आहे, दादा. येते तो दिवाळीनंतर.” मी दिवाळीची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी एका टेम्पोत घालून ती अमरावतीला आणली. “दादाने गाडी नेली” असे तो आता चारचौघांत म्हणतो. कोंबडीखालून नेली, हेही म्हणावे.

मी हयातभर संस्कृत शिकवले. पाना हातात धरला तो निवृत्तीनंतर, आणि त्याची मला लाज नाही. राजापेठेमागच्या आमच्या गल्लीत सकाळी शिकवण्यांना जाणाऱ्या मुलांची रीघ लागते. तिला वाट देत मी अंगणात पोत्यावर बसून इंजिन खोलत असे. शेजारच्यांना ती करमणूक होती. “सर, या वयात धातुरूपावली सोडून हे काय काढलं?” असे एक निवृत्त मुख्याध्यापक रोज विचारत. मी सांगत असे की हीसुद्धा धातूचीच रूपे आहेत, फक्त इथे चुकले की हात कापतो. आमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप वेगळा होता. “पितळेच्या देवांना लावायची चिंच तुम्ही त्या लोखंडाला लावून राहिले. एकदा देवांनाही लावा.”

वडिलांच्या गाडीला मी एकदम हात घातला नाही. त्याआधी नांदगाव खंडेश्वरच्या एका शेतकऱ्याकडून त्याच जातीची एक मोडकी गाडी आणून तिच्यावर शिकलो. तिचे इंजिन त्याने कडबा कापायच्या यंत्राला जोडले होते. ते मी चार वेळा खोलले आणि पाचव्यांदा ते बोलले. त्या दिवशी गल्लीतले सगळे बाहेर आले. कौतुकाने नव्हे, धुराने.

या छंदात दोन पंथ आहेत आणि दोघांशीही माझे पटत नाही. एका पंथाला गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीसारखी हवी असते. बोल्ट दिसला की ते त्याचे डोके वाचतात आणि शिक्का चुकीचा निघाला की हळहळतात. दुसरा पंथ आमच्या राजापेठेतला. त्यांनी मडगार्ड कापायचे, हँडल कानापर्यंत वर न्यायचे, टाकी शेणासारख्या बिनचमकीच्या काळ्या रंगाने माखायची आणि त्याला कस्टम म्हणायचे. पहिल्यांना गाडीचा जन्म तेवढा ठाऊक, दुसऱ्यांना स्वतःची हौस. मधली वर्षे कुणी जगले, गाडी कुणाच्या अंगाखाली झिजली, याची चौकशी दोघेही करीत नाहीत. मला मात्र तीच करायची होती. म्हणून रंग काढण्यासाठी मी रसायन वापरले नाही. पॉलिश पेपरने, पाणी लावत, थराथराने उतरवला. त्याला अख्खा हिवाळा लागला. जिथे वडिलांचा हात दिसेल तिथे थांबायचे आणि तो भाग तसाच ठेवायचा, हा माझा नियम होता.

तो हात मला उजव्या बाजूला सापडला.

मागे बसणाऱ्या बाईला दोन्ही पाय एकीकडे सोडून बसावे लागते. त्या पायांसाठी गाडीला एक पायदान असते. देशात जिथे जाल तिथे ते डावीकडे. आमच्या गाडीला डावीकडे पायदान नव्हते आणि कधी बसवल्याची खूणही नव्हती. ते होते उजवीकडे. सीटखालच्या नळीला एक पोलादी पट्टी पितळ वितळवून दिलेल्या डागाने जोडलेली, तिच्यावर वीतभर लांब, चार बोटे रुंद पायदान, वर रेघांचे रबर. तो डाग मी भिंगाने पाहिला. त्याच्यावर वडिलांनी दुसऱ्यांदा दिलेल्या मरून रंगाचा थर होता, खाली कंपनीचा रंग आचेने जळून काळा पडला होता. म्हणजे गाडी नवी असताना, पहिला रंग अंगावर असताना, कुणीतरी ही पट्टी मुद्दाम, पक्की, पुन्हा काढायची नाही अशा बेताने जोडून घेतली होती. गाडीचा दुसरा मालक झालाच नाही. तेव्हा “कुणीतरी” म्हणजे कोण, हे सांगायला न्यायालय लागत नाही.

पट्टी एका टोकाला चिरली होती. गाडीचा सांगाडाच घेऊन मी बडनेरा रस्त्यावरच्या वेल्डरकडे गेलो. तो तोंडाचा फटकळ.

“गुरुजी, हे तं उलट्या बाजूचं आहे. कोनं लावलं?”

“माझ्या वडिलांनी.”

“मंग बाबूजी डावखुरे होते काय?”

“पायदानाला डावे-उजवे हात नसतात. डाग दे.”

“डावीकडे लावून देतो ना, एकदम कंपनीसारखं. उजवीकडे पाय सोडून बसनारी बाई मी तं अजून पाह्यली नाई.”

“तू पाहिली नाहीस म्हणून ती बसली नाही, असे होत नाही.”

“बरं बापा,” त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला. “तुमची गाडी, तुमची बाजू. आमी आपले डाग देनारे.”

पट्टी होती तिथेच बसली. गाडी पुरी झाली. वडिलांच्या बाकीच्या खुणाही मी जपल्या: हँडलच्या डाव्या मुठीला गुंडाळलेली सुतळी, उन्हात डोळ्यांवर चमक येऊ नये म्हणून आरशाच्या वरच्या कडेला दिलेला काळा रंग. किक मारली तेव्हा दुसऱ्या झटक्याला ती सुरू झाली.

त्यानंतर जुन्या वाहनांचे प्रदर्शन आले. अमरावतीत एका शाळेच्या मैदानावर ते भरले होते. मी गाडी “मूळ स्वरूप” या गटात ठेवली. नागपूरहून परीक्षक आले होते, त्यांत एक तरुण गृहस्थ फार बारकाईने पाहणारे. त्यांनी इंजिन ऐकले, टाकीवरची रेघ बोटाने मापली, मान डोलावली, आणि मग उजवीकडे वाकले.

“सर, काम फार सुंदर आहे. पण लेडीज फुटरेस्ट राइटला कसा?”

“तो तिथेच होता.”

“कंपनी तसा देत नव्हती.”

“कंपनीने दिलाच नाही. माझ्या वडिलांनी करून घेतला.”

“मग ते मॉडिफिकेशन झालं, सर. या गटात नाही बसत.”

“मूळ म्हणजे कारखान्याने केलेले, की ज्याने ती वीस वर्षे चालवली त्याने केलेले?”

ते हसले. नम्रपणे हसले, त्याचाच मला अधिक राग आला. आयोजकांपैकी एकाने मध्यस्थी केली, “काका, डावीकडे एक दुसरा कसून घ्या, हा काढून टाका. पंधरा मिनिटांचं काम आहे. पहिला नंबर तुमचाच.” मी सांगितले की पंधरा मिनिटांत माझ्या आईला दुसऱ्या बाजूला बसवता येणार नाही. हे वाक्य त्यांना कळले नाही. उजव्या बाजूचे कारण मला ठाऊक होते, पण आई जे आयुष्यभर परक्यांपासून झाकत आली ते मी लाउडस्पीकरखाली उभा राहून सांगणार नव्हतो. बक्षीस दुसऱ्या गाडीला गेले. त्या गाडीचे सगळे नट नवे होते.

भाऊ त्या दिवशी अकोल्याहून आला होता. माझ्या गाडीसाठी आला की एखाद्या अशिलासाठी, हे मी विचारले नाही. चहाच्या टपरीवर तो माझ्याजवळ आला.

“दादा, एवढे लोकं सांगून राहिले तं ऐकावं माणसानं. त्याच्यावर कोन बसलं होतं?”

“आई.”

“काहीच्या काही. आई कधी बसली त्या गाडीवर? ते पायदान नाहीच. बाबा त्याच्यावर फायलींची पेटी ठेवत.”

“तू पाहिलीस पेटी?”

“आत्यानं सांगितलं मले.”

“आत्याने तुले नाल्यावरून उचलून आणलं असंही सांगितलं होतं. तेही छापणार काय?”

तो हसला नाही. “अन् डावीकडे किक होती. बाई तिकडे बसली तं किक मारता आली असती काय? म्हनून ते पेटीचं उजवीकडे. सीधी गोष्ट आहे. अन् तू पाह्यलं काय, सांग.”

“पाहिलं.”

“हो, ते तुझं बसच्या खिडकीतलं. दादा, तुले जे पायजे ते दिसते. तू बाबांचा लाडका होता. आईचं आमी पाह्यलं.” आणि कपातला चहा तसाच टाकून तो निघून गेला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. काही महिन्यांनी स्मरणिका आली, तीही टपालाने.

आता उत्तर देतो, क्रमाने.

पेटीचे आधी. वडिलांच्या फायली त्यांचा कारकून सायकलवर कोर्टात नेत असे. अकोल्यात त्या काळी सगळ्या वकिलांचे तसेच चाले, आणि हे भावाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. शिवाय चार बोटे रुंदीच्या, बाहेर झुकलेल्या पट्टीवर पेटी ठेवून पाहावी. पहिल्या खड्ड्यात ती रस्त्यावर असेल. किकचा मुद्दाही टिकत नाही. तीच गाडी वऱ्हाडात शेकडो जणांकडे होती आणि त्यांच्या बायका डावीकडेच बसत. आधी किक मारायची, मग बायको बसायची, एवढे व्यवहारज्ञान साऱ्यांना होते.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो, कारण ती खरी आहे. घरात आईवडील एकमेकांशी बोलत नसत. आमच्यात मोठ्यांसमोर नवराबायकोने बोलू नये अशी रीत होती आणि आमच्या घरात मोठे माणूस नाही अशी खोली नव्हती. माजघरात आजी, ओसरीवर विधवा आत्या, पुढच्या खोलीत पहाटेपासून अशिले. वडिलांना आईला काही सांगायचे असले तर ते आजीकडे पाहून सांगत, “उद्या चार पानं जास्त आहेत, सांगा तिले.” आई तिथेच दाराआड उभी असे. तीही आजीलाच उत्तर देई, “विचारा, गोड काय करू.” आजी मध्ये बसून दोन्हीकडे मान हलवी, जणू तिच्यावाचून ते शब्द पोचलेच नसते. हे मी वर्षानुवर्षे पाहिले. भावानेही पाहिले. फरक इतका, की त्याने एवढेच पाहिले.

आमची पातूरकडे शेती होती. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत बायांवर नजर ठेवायला घरातले कुणी लागे, म्हणून आई जाई. ती सकाळी पिशवी घेऊन पायी निघे, एस.टी.ने जाते म्हणून. वडील नंतर, आंघोळ-पूजा आटोपून, मोटारसायकलवर निघत. दारातून आई त्या गाडीवर कधीच बसली नाही. आत्याने शपथेवर सांगितले असते की बसली नाही, आणि ती शपथ खोटी ठरली नसती. गाव संपून जकात नाका मागे पडला की पुढे एक निंबाचे झाड होते. आई एस.टी. स्टँडवर जात नसे, त्या झाडापर्यंत चालत जात असे.

मला हे कुणी सांगितले नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. शेतावरच्या विहिरीच्या कामाला पाठवले म्हणून अकोल्याहून पातूरच्या बसने निघालो होतो. डाव्या खिडकीशी बसलो होतो. नाक्यापुढे बसने एका मोटारसायकलीला मागे टाकले. मरून टाकी मी पाहिली, वडिलांची टोपी पाहिली, आणि मागे बसलेल्या बाईचा चेहरा पाहिला, कारण ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. डावीकडे पाय सोडले असते तर मला तिची पाठ दिसली असती. आई बोलत होती. घरात जिचा आवाज आम्हाला मोठा असा कधी ऐकू आला नाही, ती हात हलवून काहीतरी सांगत होती, आणि वडील पुढे पाहत, मान किंचित मागे करून उत्तर देत होते. मग तिने मला पाहिले. पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवले. रात्री शेतावर जेवताना तिने मला नेहमीपेक्षा जास्त तूप वाढले. त्यावर ती कधी बोलली नाही, मीही तिच्याशी नाही; भावाला सांगितले तेही फार पुढे.

भाऊ म्हणतो, बसच्या खिडकीतून काय दिसते. ठीक आहे, ही साक्ष वगळा. तो तेव्हा लहान होता. तो मोठा होईतो आजी गेली होती, आत्या अंथरुणाला खिळली होती, बोलायला आता घरात कुणाची आडकाठी नव्हती. पण तोवर मोटार आली होती, मोटारीत ड्रायव्हर असे, आणि मोटारसायकल टिनाच्या खोलीत गेली होती. बोलण्याची जागा गेली की बोलणे दुसरीकडे राहायला जातेच असे नाही. त्या दोघांचे गेले नाही. शेवटची वर्षे ती दोघे समोरासमोर बसत आणि आपापल्या खिडकीबाहेर पाहत. तो अबोला भावाने पाहिला, तो खरा होता, आणि त्याने तो मागे ताणून सगळ्या आयुष्यावर पसरला. वाईट वाटते ते याचे. खोटे बोलणाऱ्याला उत्तर देणे सोपे असते. अर्धे पाहून पूर्ण लिहिणाऱ्याला उत्तर दिले, तर उत्तर देणाराच भांडखोर ठरतो.

तेव्हा मला भांडखोर म्हणा. पण एका प्रश्नाचे उत्तर द्या: जो माणूस बायकोशी बोलत नव्हता, त्याने नव्या कोऱ्या गाडीचा रंग जाळून, लोक हसतील हे माहीत असून, पायदान उजवीकडे का लावून घेतले? डावीकडे पाय सोडून बसणाऱ्या बाईचा उजवा कान चालवणाऱ्याकडे येतो. उजवीकडे पाय सोडून बसली, तर डावा येतो. आणि ज्या गोष्टीमुळे माझा भाऊ लहानपणापासून आईच्या डाव्या अंगाला जाऊनच तिला हाक मारीत आला, ती त्याला नाकारता येणार नाही.

आईला उजव्या कानाने ऐकू येत नव्हते.